नाण्यांच्या लिलावात बोली किती, कधी आणि कशी?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत लिलावाचेच प्रश्न जास्त होते, म्हणून पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे. हिशेबातले आकडे कोणत्याही चलनाचे धरा. प्रीमियम (लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते जादा शुल्क), कर आणि बोलीच्या पायऱ्या (बोली एका वेळी कितीने चढते) मात्र आपापल्या लिलावगृहाच्या नियमावलीतून घ्या.

प्रश्न : माझी मर्यादा १०,००० होती. हातोडाही बरोबर १०,००० वर पडला, पण बिल १३,११५ चं आलं. मला फसवलं गेलं का?

नाही, बिल बरोबर आहे. तुम्ही मर्यादा चुकीच्या आकड्याला लावलीत. हातोडा ज्या आकड्यावर पडतो, म्हणजे शेवटची बोली, ती बिलाची फक्त पहिली ओळ. तुमच्या बिलात हातोड्याचे १०,००० आहेत, त्यावर २० टक्के बायर्स प्रीमियम म्हणजे २,०००, दुसऱ्या कंपनीच्या प्लॅटफॉर्मवरून ऑनलाइन बोली लावल्याबद्दल ३ टक्के म्हणजे ३००, या १२,३०० वर ५ टक्के कर म्हणजे ६१५ आणि विम्यासह टपालाचे २००.

बोली ठरवताना हे गणित उलट्या बाजूने करायचं असतं. तुमच्या लिलावगृहात हातोड्याच्या प्रत्येक १ मागे १.२३ गुणिले १.०५, म्हणजे १.२९१५ मोजावे लागतात. खिशातून १०,००० च्या वर जाऊ द्यायचे नसतील तर आधी टपालाचे २०० बाजूला काढा आणि उरलेल्या ९,८०० ला १.२९१५ ने भागा. उत्तर येतं ७,५८८. त्या टप्प्यात बोली ५०० च्या पायरीने चढत असेल तर तुमची शेवटची बोली ७,५००, आणि बिल होईल सुमारे ९,८८६. बरेच जण इथे भागाकाराऐवजी ९,८०० मधून २९.१५ टक्के वजा करतात. तसं केलं तर ६,९४३ येतात, म्हणजे तुम्ही ६,५०० वरच हात खाली घेणार. परवडत असलेल्या दोन पायऱ्या अशा विनाकारण जातात, आणि नाणंही जातं.

कर कुठे फक्त प्रीमियमवर लागतो, कुठे पूर्ण रकमेवर. नाणं दुसऱ्या देशातून येणार असेल तर आयात शुल्क, बँकेचा रक्कम पाठवण्याचा खर्च आणि कार्डाने पैसे भरल्यास त्याचा अधिभार हेही गुणकात धरा.

प्रीमियम हा प्रकार फार जुना नाही. लंडनच्या दोन मोठ्या लिलावगृहांनी १९७५ मध्ये १० टक्क्यांनी तो सुरू केला. पुढे तो कसा चढत गेला ते मोठ्या विक्रींत स्पष्ट दिसतं. १९९६ मध्ये एलियासबर्ग संग्रहातलं १९१३ चं लिबर्टी निकेल, म्हणजे अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, १३,५०,००० डॉलरवर थांबलं आणि १० टक्के धरून खरेदीदाराने १४,८५,००० मोजले. २००२ मध्ये १९३३ चं डबल ईगल, म्हणजे २० डॉलरचं सोन्याचं नाणं, ६६ लाखांवर गेलं. १५ टक्के धरून ७५,९०,००० झाले, आणि वर आणखी २० डॉलर भरावे लागले, कारण ते नाणं अधिकृतपणे चलनात कधी आलंच नव्हतं आणि सरकारला त्याची दर्शनी किंमत द्यायची होती. २०१३ मध्ये १७९४ च्या चांदीच्या डॉलरवर हातोडा पडला ८५,२५,००० ला, बिल झालं १,००,१६,८७५. म्हणजे साडेसतरा टक्के. जुनी किंमत पाहून आजची बोली ठरवताना त्या वेळी प्रीमियम किती होता हे पाहिलं नाही, तर तुलना पहिल्याच पावलावर चुकते.

प्रश्न : एकाच नाण्याचे मागचे निकाल पाहिले तर ६०० पासून १,४०० पर्यंत किमती दिसतात. यातून माझा आकडा कसा काढायचा?

आधी ते खरोखर एकच नाणं आहे का हे पाहा. साल, टाकसाळ, छापाचा प्रकार आणि ग्रेड (नाण्याच्या स्थितीचा दर्जा) या चारही गोष्टी जुळल्या तरच निकाल तुलनेला घ्या, आणि प्रत्येक निकालाचा फोटो उघडून बघा. नुसत्या यादीवर विसंबू नका. समजा पाच निकाल मिळाले : ६००, ८५०, ९००, ९८० आणि १,४००. फोटो पाहिल्यावर कळतं की ६०० वालं नाणं धुतलेलं आहे आणि १,४०० वालं एका नामांकित संग्रहातून आलेलं आहे. दोन्ही बाजूला काढा. उरलेल्या तिघांपैकी ८५० हा हातोड्याचा आकडा आहे आणि ९००, ९८० हे प्रीमियमसह आहेत. प्रीमियम २० टक्के असेल तर ८५० चे १,०२० होतात. म्हणजे यादीत सगळ्यात स्वस्त दिसणारं नाणं प्रत्यक्षात तिघांत महाग होतं. सगळे आकडे एकाच मापावर आणले की ९००, ९८०, १,०२० अशी ओळ मिळते आणि बाजारभाव ९८० च्या आसपास आहे हे कळतं. हा एकूण खर्चाचा आकडा आहे. बोली काढायला वरच्यासारखा भागाकार करायचाच.

अमेरिकेतली मोठी लिलावगृहं निकाल बहुधा प्रीमियमसह छापतात, तर युरोपातली बहुधा फक्त हातोड्याचा आकडा देतात. एकत्रित निकालांच्या संकेतस्थळांवर दोन्ही सरमिसळ असू शकतात. छापील किंमतसूचीतली किंमत ही दुकानातल्या विक्रीची असते आणि छपाईपर्यंत शिळी झालेली असते. ती वरची मर्यादा म्हणून वापरा, आधार म्हणून नको.

ग्रेडबद्दल दोन शब्द. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन सेंटसाठी १ ते ७० ची मोजपट्टी मांडली, आणि १९८६ मध्ये पीसीजीएस व १९८७ मध्ये एनजीसी या ग्रेड ठरवणाऱ्या कंपन्यांनी काम सुरू केल्यापासून तीच मोजपट्टी स्लॅबवर, म्हणजे नाणं सीलबंद केलेल्या कडक प्लास्टिकच्या डबीवर, छापली जाते. ६४ आणि ६५ यांत डोळ्याला जेमतेम दिसेल इतका फरक असतो, पण किमतीत कधी कधी दुपटीचा. म्हणून ‘६४ मधलं उत्तम’ नाणं शोधणं हे ‘६५ मधलं काठावरचं’ घेण्यापेक्षा आमच्या मते केव्हाही शहाणपणाचं. कंपन्यांचे संख्या-अहवाल (कोणत्या ग्रेडची किती नाणी नोंदली त्याची यादी) वाचतानाही सावध राहा. तेच नाणं स्लॅब फोडून जास्त ग्रेडच्या आशेने पुन्हा पुन्हा पाठवलं जातं आणि प्रत्येक वेळी नवीन नोंद होते, त्यामुळे अहवालातली संख्या खऱ्या नाण्यांपेक्षा जास्त दिसते.

आता वारंवारता. जे नाणं वर्षातून चार वेळा बाजारात येतं त्यासाठी एक पायरीही वर चढू नका, पुढच्या तिमाहीत ते पुन्हा येणार आहे. जे दहा वर्षांत एकदा दिसतं त्याला मागचे निकाल कमी असतात आणि जुनेही असतात, तिथे दोन पायऱ्या वर जाणं योग्य ठरू शकतं. पण त्या दोन पायऱ्या आदल्या दिवशी कागदावर लिहिलेल्या असाव्यात.

आणखी एक वजावट अनेकांना सुचत नाही. एकाच नाण्याची किंमत दहा जण आपापल्या परीने ठरवतात तेव्हा जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात वरचा असतो, आणि सगळ्यात वरचा अंदाज बहुधा चुकीचा असतो. तेलक्षेत्रांच्या लिलावात हे १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या अभियंत्यांनी दाखवून दिलं, आणि विजेत्याचा शाप या नावाने ते ओळखलं जातं. बोली लावणारे जितके जास्त आणि नाण्याविषयी अनिश्चितता जितकी जास्त, तितका आपला आकडा खाली आणायचा. नाणं हातात न घेता, फक्त फोटोवरून बोली लावणार असाल तर आपल्या आकड्यातून ५ ते १० टक्के कमी करा.

प्रश्न : मी १,५०० ची लेखी बोली आठवडाभर आधी पाठवली होती. ते नाणं असलेला लॉट १,५०० लाच गेला, पण सभागृहातल्या दुसऱ्याच माणसाला. असं कसं होऊ शकतं?

पायऱ्यांच्या सम-विषमामुळे होतं. समजा १,००० ते २,००० मध्ये पायरी १०० ची आहे. लिलाव पुकारणाऱ्याने तुमच्या वतीने १,००० ला सुरुवात केली. सभागृहातून १,१००, तुमच्यासाठी १,२००, सभागृह १,३००, तुमच्यासाठी १,४००, सभागृह १,५००. आता पुढची पायरी १,६००, ती तुमच्या मर्यादेबाहेर. तुमचा आकडा १,५०० होता खरा, पण त्या पायरीवर पाय दुसऱ्याचा पडला. सुरुवात सभागृहातून झाली असती तर १,५०० तुमच्या वाट्याला आले असते.

समान आकड्याला कोणाचं पारडं जड हे प्रत्येक लिलावगृह आपल्या नियमावलीत लिहितं. काही ठिकाणी आधी आलेली लेखी बोली जिंकते, काही ठिकाणी सभागृहातली. हे एकदा ईमेलने विचारून घ्या. दोन लेखी बोली सारख्या असतील तर जवळपास सगळीकडे आधी पोहोचलेली जिंकते, म्हणून समान आकड्याची भीती असेल तिथे लवकर पाठवण्याला खरोखर अर्थ आहे.

बऱ्याच बोली-अर्जांवर ‘गरज पडल्यास एक पायरी वाढवा’ असा रकाना असतो. तो वापरा, पण उलट्या क्रमाने : तुमची खरी मर्यादा १,६०० असेल तर १,५०० लिहून हा रकाना भरा. माणसं गोल आकड्यांवर थांबतात. १,०००, १,५००, २,००० या पायऱ्यांवर गर्दी असते आणि त्यांच्या एक पायरी वर, १,१०० किंवा १,६०० ला, गर्दी विरळ होते, म्हणून मर्यादा गोल आकड्याच्या एक पायरी वर बसेल असं पाहा. १,५३७ असा तिरपा आकडा लिहून काम साधेल असं मात्र समजू नका. पारंपरिक लिलावगृहांत तो खालच्या पायरीवर, म्हणजे १,५०० वर आणला जातो. इंटरनेटवरच्या सर्वसाधारण लिलावांत तो जसाच्या तसा स्वीकारला जातो, तिथे १,५०० वाल्यांना मागे टाकायला तो उपयोगी पडतो.

पायरीचं माप जिथे बदलतं ती जागाही लक्षात ठेवा. २,००० पर्यंत १०० आणि त्यापुढे २०० अशी शिडी असेल तर २,००० वर तुम्ही उभे असताना समोरच्याला थेट २,२०० म्हणावे लागतात. त्या जागी पुष्कळ जण माघार घेतात. १,९०० वर थांबायचं की २,००० वर हा प्रश्न असेल तर उत्तर २,०००. अर्धी पायरी देण्याची सोय काही लिलावगृहं देतात, पण बहुतेक ठिकाणी ती एका लॉटला एकदाच आणि त्यानंतर त्या लॉटवर तुमची बोली संपते.

प्रश्न : ऑनलाइन लिलावात सुरुवातीलाच बोली लावावी की शेवटच्या सेकंदाला?

लिलाव कसा संपतो त्यावर अवलंबून आहे. ईबेवर ठरलेली वेळ झाली की लिलाव बंद, मग शेवटच्या सेकंदाला कोणी काय केलं याला उत्तर देता येत नाही. नाणे-लिलावगृहांच्या ऑनलाइन लिलावांत मात्र शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना केली. ॲमेझॉनवर वेळ वाढत होती आणि तिथे शेवटच्या क्षणीच्या बोली कितीतरी कमी होत्या. म्हणजे वाट पाहण्याचा फायदा नियमामुळे निर्माण होतो.

पक्की वेळ असेल तर आधी काहीही करू नका. तुमची बोली दिसली की काठावरच्या माणसाला नाण्यात काहीतरी आहे असं वाटतं आणि तो आपला आकडा वाढवतो. शेवटच्या सात-आठ सेकंदांत एकदाच, पूर्ण मर्यादेचा आकडा टाका. दोन सेकंदांवर थांबलात तर पान लोड होईपर्यंत लिलाव संपतो. आकडा थोडा थोडा वाढवत नेण्यात काही मिळत नाही. अशा प्रणालीत जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या मर्यादेपेक्षा एकच पायरी जास्त द्यावी लागते, आणि अशा ठिकाणी आपली खरी किंमत सांगणं हीच उत्तम चाल असते हे अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्येच सिद्ध केलं होतं. तुमची मर्यादा २,५०० आणि पुढच्याची १,५०० असेल तर लॉट तुम्हाला १,६०० ला पडतो.

वेळ वाढणारा लिलाव असेल तर घड्याळाकडे पाहणं सोडा. मर्यादा टाकून ठेवा आणि संगणकापासून उठा. पुन्हा पुन्हा वाढणाऱ्या मिनिटांत बसून राहिलं की ‘अजून एकच पायरी’ असं करत आकडा कुठल्या कुठे जातो.

थेट प्रक्षेपणाच्या लिलावात चित्र प्रत्यक्षापेक्षा एक-दोन सेकंद मागे असतं. तिथे बटण दाबायला ‘शेवटचा इशारा’ ऐकेपर्यंत थांबू नका. महत्त्वाच्या लॉटसाठी फोनवरून बोली लावण्याची सोय एक-दोन दिवस आधी मागून घ्या.

प्रश्न : कॅटलॉगच्या फोटोवरून नाणं धुतलेलं आहे की नाही हे ओळखता येतं का?

पूर्णपणे नाही, आणि हेच सगळ्यात जास्त नुकसानीचं कारण आहे. धुतलेल्या किंवा घासलेल्या नाण्यावर केसासारख्या बारीक रेषा असतात. त्या ठरावीक कोनातल्या प्रकाशातच दिसतात. कॅटलॉगचा फोटो चोहीकडून पसरट प्रकाश टाकून काढतात, त्यामुळे छाप स्वच्छ दिसते आणि रेषा नाहीशा होतात.

शक्य असेल तर लिलावाआधीच्या प्रदर्शनात जा. नाणं कडेने धरा, खाली मऊ कापड असू द्या, वर एकच दिवा ठेवा. नाणं हळूहळू कलतं करत फिरवा. टाकसाळीतलं मूळ तेज शिल्लक असेल तर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे पृष्ठभागावरून फिरतात, आणि ते उठावाच्या भागावरून अखंड जातात. धुतलेल्या नाण्यावर चमक असते, पण ती एकाच जागी साचलेली आणि सपाट. आरे फिरत नाहीत. एकाच दिशेच्या समांतर रेषा दिसल्या तर कापडाने पुसलंय. अक्षरांच्या कोपऱ्यांत जुना मळ आणि मोकळ्या भागावर लखलखाट असेल तर द्रावणात बुडवलंय. नंतर ५ ते १० पटींचं भिंग घ्या आणि कड पाहा. कडेवर शिवण दिसली तर ओतीव बनावट, एके ठिकाणी घासल्याची खूण दिसली तर कधीतरी दागिन्यात बसवलेलं. कड पाहणं लोक विसरतात, आणि घोटाळा बहुधा तिथेच सापडतो.

जाता आलं नाही तर कलतं करून फिरवलेल्या नाण्याचा छोटा व्हिडिओ आणि कडेचा फोटो मागा. निष्ठेने काम करणारी लिलावगृहं देतात. जे देत नाहीत तिथे मर्यादा आणखी खाली आणा किंवा लॉट सोडा.

कॅटलॉगची भाषाही फोटोइतकीच बारकाईने वाचावी लागते. ‘पूर्वी स्वच्छ केलेलं’ म्हणजे धुतलेलं. ‘मोकळा भाग गुळगुळीत केलेला’ म्हणजे प्राचीन नाण्यावर अवजार चालवून खडबडीतपणा घासून काढलेला. ‘क्षेत्रात किरकोळ दुरुस्ती’ म्हणजे भोक बुजवलेलं असू शकतं, विचारून घ्या. स्लॅबवर अंकाऐवजी ‘डिटेल्स’ असा शब्द असेल तर कंपनीने दोष पाहून अंक द्यायचं नाकारलं आहे, आणि अशा नाण्याची किंमत अंक असलेल्या नाण्याच्या निकालांवरून काढायची नाही. ‘पुनर्मुद्रित’ हा शब्दही सुटू देऊ नका. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या थेलर या चांदीच्या नाण्याच्या पुनर्मुद्रणांवर साल नेहमी १७८० च असतं, कारण राणीच्या मृत्यूनंतरही पुढे दीर्घकाळ अनेक टाकसाळींनी तेच साल ठेवून ते पाडलं. साल पाहून जुन्या थेलरची बोली लावणारे आजही दिसतात.

प्रश्न : अंदाजित किंमत ५०० ते ७०० लिहिलेला लॉट १,८०० ला गेला. मग अंदाजाला अर्थ काय?

थोडाच. अंदाज मुद्दाम कमी ठेवला की लोक गोळा होतात. विक्रेत्याची राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली तो विकणार नाही ती, अंदाजाच्या खालच्या टोकाजवळ असते, एवढीच माहिती त्यातून घ्या. राखीव किमतीपर्यंत लिलाव पुकारणारा विक्रेत्याच्या वतीने बोली पुढे नेऊ शकतो, म्हणजे सुरुवातीच्या दोन-तीन बोलींमागे खरा माणूस असेलच असं नाही. न विकलेल्या लॉटची यादी लिलावानंतर लगेच मागा. सुरुवातीच्या किमतीला, घाई न करता, चांगली नाणी तिथे मिळतात.

प्रश्न : एकाच लिलावात मला सहा लॉट हवे आहेत, पण पैसे तिघांपुरतेच आहेत.

सहाही लॉटवर पूर्ण मर्यादेच्या लेखी बोली पाठवू नका, सगळे जिंकलात तर पैसे भरावे लागतील आणि न भरल्यास तुमचं नाव काळ्या यादीत जाईल. अनेक लिलावगृहं दोन सोयी देतात आणि फार थोडे लोक त्या मागतात : एक म्हणजे ‘हा किंवा तो’ बोली, ज्यात पहिला लॉट मिळाला की दुसऱ्यावरची बोली आपोआप रद्द होते, आणि दुसरी म्हणजे एकूण खर्चाची मर्यादा, ती गाठली की पुढच्या सगळ्या बोली थांबतात. अर्जावर रकाना नसेल तर ईमेलने लिहून घ्या.

यादी लॉटच्या क्रमाने नको, पसंतीच्या क्रमाने करा. सर्वांत हवं असलेलं नाणं २१० क्रमांकाला असेल आणि बरं वाटणारं ४५ ला, तर ४५ वर खर्च करताना २१० चे पैसे बाजूला ठेवलेले असले पाहिजेत. उलट तेच नाणं सलग चार-पाच लॉटमध्ये असेल तर पहिल्यावर धावू नका. अर्थतज्ज्ञ ऑर्ली ॲशनफेल्टर यांनी १९८९ मध्ये मद्याच्या लिलावांत दाखवलं की एकसारख्या लॉटपैकी नंतरचे बऱ्याचदा स्वस्त जातात. नाण्यांत मात्र ‘एकसारखे’ फार क्वचित असतात. त्यातलं उत्तम नाणं पहिल्याच लॉटमध्ये असेल तर हा नियम बाजूला ठेवून तेच घ्या.

थैलीभर नाण्यांचा एकत्रित लॉट असेल तर त्यातल्या सर्वांत मोलाच्या तीन नाण्यांची किंमत करा आणि बाकीच्यांना शून्य धरा. असे लॉट आहेत तसे विकले जातात, परत घेतले जात नाहीत.

प्रश्न : नाण्याचा आधीचा मालक कोण होता याची कागदपत्रं किती महत्त्वाची? त्यासाठी जास्त बोली लावावी का?

प्राचीन नाण्यांत तर नक्की लावावी, आणि कागदपत्रं नसतील तर वजावटही करावी. १९८४ मध्ये तुर्कस्तानात एल्माली इथे सुमारे १,९०० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात अथेन्सची अतिदुर्मीळ चौदा डेकाड्राक्म (दहा ड्राक्मची मोठी चांदीची नाणी) होती. तो चोरून बाहेर गेला, विकला गेला, आणि खटल्यानंतर १९९९ मध्ये परत तुर्कस्तानला द्यावा लागला. सीझरच्या हत्येच्या स्मरणार्थ ब्रूटसने पाडलेलं सोन्याचं ‘आयड मार’ नाणं २०२० मध्ये लंडनला ३२.४ लाख पौंडांना गेलं. मागच्या मालकीचे दाखले बनावट निघाले आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत गेलं.

सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदेशीर व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे, म्हणून त्याआधीच्या छापील कॅटलॉगमध्ये ज्या नाण्याचा फोटो आहे त्याला आज वेगळी किंमत येते. त्यासाठी १० ते २० टक्के जास्त द्यायला हरकत नाही, पण नुसत्या ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ या शब्दांसाठी काहीही देऊ नका. जुना कॅटलॉग कोणता, लॉट क्रमांक कोणता, हे विचारा. फोटो शोधा आणि छापाची मध्यबिंदूपासूनची सरकण, कडेच्या चिरा आणि चकतीचा आकार जुळवून पाहा. हाताने पाडलेल्या प्रत्येक नाण्यात या खुणा वेगळ्या असतात.

प्रश्न : लॉट जिंकला, नाणं घरी आलं. आता सर्वांत आधी काय तपासायचं?

आधी तक्रारीची मुदत पाहा. ती कधी कधी नाणं पोहोचल्यापासून थोड्याच दिवसांची असते. पाकीट उघडतानाच व्हिडिओ काढा. स्लॅब असेल तर त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ओरखड्यापर्यंत जुळवा. बनावट स्लॅबवर खरा क्रमांक छापलेला असतो, म्हणून नुसता क्रमांक सापडला म्हणजे झालं असं नाही. स्लॅब फोडू नका, फोडला की परतीचा हक्क जातो.

मोकळं नाणं असेल तर वजन आणि व्यास मोजा. चांदीच्या नाण्याची घनताही घरी काढता येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्याने बांधून तळाला किंवा कडांना न लावता पूर्ण बुडवा. काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजे नाण्याचं घनफळ घन सेंटिमीटरमध्ये. वजनाला या आकड्याने भागा. थेलरचं वजन २८.०७ ग्रॅम आणि चांदी ८३३ शुद्धतेची, घनता सुमारे १०.२, म्हणजे काट्यावर २.७५ च्या आसपास आकडा दिसायला हवा. पितळेसारख्या हलक्या मिश्रणाचं असेल तर ३.३ दिसेल. नाण्यावर हवेचे बुडबुडे चिकटले तर घनता चुकीने कमी येते, म्हणून दोरा हळूच हलवून बुडबुडे घालवा. लहान नाण्यांत ०.०१ च्या चुकीनेही उत्तर बरंच हलतं, तीन वेळा मोजून सरासरी घ्या. शुद्ध सोन्याच्या बाबतीत एकट्या घनतेवर विसंबू नका : सोन्याची १९.३ आणि टंगस्टनची १९.२५. तांब्या-कांशाच्या प्राचीन नाण्यांना पाणी लावूच नका. चांदीचं नाणं ऊर्ध्वपातित पाण्यातच बुडवा, आणि नंतर पुसायचं नाही, मऊ सुती कापडावर ठेवून टिपायचं.

शंका आली तर नाण्याला आणखी हात न लावता त्याच दिवशी लेखी कळवा, सोबत वजन, व्यास आणि कडेचा फोटो पाठवा. सगळं ठीक असेल तर ते आलेल्या पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून लगेच काढा, त्या प्लास्टिकने काही महिन्यांत हिरवट चिकट थर चढतो. मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या) पाकिटात ठेवा, आणि बिल, कॅटलॉगचं पान व जुनी चिठ्ठी त्याच्यासोबतच ठेवा. पुढे कधी ते नाणं लिलावाला दिलंत तर पहिली मागणी याच कागदांची होईल.